चारित्र्याचा दाखला

मिशनच्या आवारात पक्की खोली, पंखा आणि स्वयंपाकाला बाई मिळत असताना सिस्टर सिल्वासाच्या टोकरखाडा भागात माझ्या शेजारची पत्र्याची खोली भाड्यानं घेऊन राहत होत्या. असं का, म्हणून विचारलं की म्हणायच्या, "तिथं मला कोणी काही सांगत नाही."

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी सिल्वासातल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका होते. मूळची राजापूरकडची. कर माफ म्हणून कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या, आणि आमच्या चाळीत धुळे-नंदुरबारकडून आलेली कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. एकटी राहणारी मीच. मिस्टर बोटीवर असतात, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गळ्यात मंगळसूत्र होतं, त्यामुळे कोणी जास्त विचारत नसे. खरी गोष्ट अशी की मी नवऱ्याला दादरला सोडून आले होते. ही गोष्ट सिल्वासात एकाही माणसाला ठाऊक नव्हती.

सिस्टर पन्नाशीच्या. वसईकडच्या, वडिलांची केळीची वाडी. फिकट सुती साडी, रबरी चपला, मनगटावर भावाचं जुनं पुरुषी घड्याळ. ते दहा मिनिटं पुढं असायचं आणि तरी त्या सगळीकडे उशिरा पोचायच्या. खानवेलच्या बसमध्ये जागा मिळाली तरी बसायच्या नाहीत, दाराजवळ उभ्या राहायच्या, कारण चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येक बाईशी तिथं बोलता येतं. सुकट भाजायला बसल्या की खालच्या मजल्यावरचे शेठ खिडकी लावून घ्यायचे आणि सिस्टर वरून हाक मारून त्यांची माफी मागायच्या. दर वेळी. सुकट भाजणं मात्र थांबलं नाही.

चर्चमध्ये त्या पुढं बसत नसत. सगळ्यात मागे, दाराशी, जिथं वारली बायका रडणारी पोरं घेऊन बसतात, तिथं त्यांची जागा. एकदा फादरांनी सर्वांसमोर त्यांना पुढं बोलावलं, तर मांडीवरचं परकं मूल दाखवून त्या म्हणाल्या, "हा झोपला की येते." तो झोपला नाही.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे एक प्रश्न. कुठलीही गोष्ट सांगा, त्या विचारणार, "तेव्हा स्वयंपाक कोणी केला?" माझ्या शाळेची सहल, एखाद्या पुढाऱ्याचं उपोषण, कशालाही. येशूनं पाच भाकरींत हजारो लोकांना जेवू घातलं, ही त्यांच्याच धर्मातली गोष्ट. तीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. मला सांगताना म्हणाल्या, "एवढी मोठी गर्दी. मोजणाऱ्यांनी पुरुष मोजले, बायका मोजल्याच नाहीत. आणि त्या पाच भाकरी? कोणीतरी पहाटे उठून भाजल्याच असतील ना. तिचं नाव कुठं आहे?"

मी हिंदू, मला यातलं काय कळणार. पण मी शाळेत इतिहास शिकवायचे. शिवाजी महाराजांच्या मुक्कामाचा धडा घेताना मला मध्येच सिस्टरांचा प्रश्न आठवायचा आणि वाक्य अडायचं.

फादर त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, गोव्याकडचे. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते. कंपनीच्या दारात कामगार धरणं धरून बसले तेव्हा ते पांढरा झगा घालून त्यांच्याबरोबर उन्हात बसले होते. देव गरिबांच्या बाजूचा असतो, असं ते प्रवचनात सांगायचे आणि तसं वागायचेही. एकदा ते आणि सिस्टर पुण्याला एका शिबिराला गेले होते. मुक्तीचं ईशज्ञान, म्हणजे गरिबांच्या सुटकेच्या अंगानं देवाचा विचार, असा विषय होता. परत आल्यावर मी विचारलं, काय शिकलात? सिस्टर म्हणाल्या, "तीन दिवस गरिबांबद्दल बोलले सगळे. फार चांगलं बोलले. तिसऱ्या दिवशी मी उठून विचारलं, देव गरिबांच्या बाजूचा, हे पटलं. पण गरीब नवरा गरीब बायकोला मारतो तेव्हा तो कोणाच्या बाजूला बसतो?"

"मग?"

"मग चहाची वेळ झाली."

'गरीब' हा शब्द त्या नुसता वापरतच नसत. गरीब बाई किंवा गरीब बाप्या, असं म्हणायच्या. दोघांची गरिबी एक नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बाप्याकडे विकायला घाम असतो. बाईचा घाम घेऊन वर आणखी काही मागतात.

दर रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत शिवणवर्ग भरायचा. दोन मशिनी, वीस-पंचवीस बायका. खानवेलकडच्या वारली, चाळीतल्या खानदेशी, एखाददुसरी गुजराती. बहुतेक कंपनीत जाणाऱ्या. ख्रिस्ती असतील चार-पाच. मी तिथं त्यांना नाव लिहायला शिकवायचे. शिवण कमी आणि बोलणं जास्त. सिस्टर मांडीवर वही घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "संसार मी केला नाही. मला यातलं काही माहीत नाही, तुम्ही सांगा." बायका सांगायच्या. कंपनीत बायकांना आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता उभं राहावं लागतं. मुकादम "तुझी पाळी कोणती?" असं विचारून हसतो. सिस्टरांना तो विनोद समजायला वेळ लागला. समजला तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

एका रविवारी त्यांनी विचारलं, "नवऱ्याजवळ जाणं तुम्हाला आवडतं का?"

मशिनी थांबल्या. मी खाली बघत राहिले. साध्वीनं विचारायचा प्रश्न हा नव्हे, असं मला ठामपणे वाटलं. मग साक्रीकडची सुमन, जी बॉबिनच्या खात्यात होती, ती म्हणाली, "आवडानं काय इचारतस सिस्टर, मले निजू दिधं तरी पुरे शे." सगळ्या हसल्या. हसता हसता दोघी-तिघींचे डोळे भरून आले. एक वारली बाई मात्र शांतपणे म्हणाली, "मना आवडतं." ती जमनी.

जमनी खानवेलच्या पलीकडच्या पाड्यावरची. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात राहून सातवी झालेली, तिथंच बाप्तिस्मा झालेला. लाडक्या नावाच्या माणसाबरोबर सात वर्षं राहत होती, दोन मुलं होती. लग्न झालेलं नव्हतं. त्यांच्याकडे यात चोरून ठेवण्यासारखं काही नाही. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण आणि ताडी. तेवढं जमेपर्यंत दोघं एकत्र राहतात, मुलं होतात, आणि जमेल तेव्हा लग्न लागतं. कधीकधी आईबापांच्या लग्नात मुलं वरातीत नाचतात.

असं एक लग्न बघायला सिस्टर मला घेऊन गेल्या होत्या. वारल्यांचं लग्न लावते धवलेरी. ती बाई असते, आणि गाणी म्हणत लग्न लावते. इथं धवलेरी जमनीची आत्या होती, दात पडलेली, काटकुळी. गर्दीतले सगळे, म्हातारे बापेसुद्धा, ती सांगेल तसं उठत-बसत होते. सिस्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत जमिनीवर बसून होत्या. परत येताना बसमध्ये त्या पहिल्यांदा सीटवर बसल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं झाली मला व्रत घेऊन. बाईनं उभं राहून लोकांना आशीर्वाद दिलेला आज पाहिला. आमच्याकडे बाई वेदीवर फुलं लावते."

त्यानंतर वर्षभरात जमनीचं काम गेलं. ठेकेदारानं तिला सुट्टीच्या दिवशी खोलीवर बोलावलं आणि ती गेली नाही. तिला गेटवरून परत पाठवलं, आणि वर त्यानं सगळीकडे बोलून टाकलं की बिनलग्नाची बाई, तिचं काय सांगावं.

त्याच सुमाराला मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात मदतनीस हवी होती. जमनी तिथं वाढलेली, वारली बोली येणारी, लिहिता-वाचता येणारी. जागा जणू तिच्यासाठीच होती. फक्त अर्जाला फादरांचा चारित्र्याचा दाखला लागत होता.

सिस्टर फादरांकडे गेल्या तेव्हा मी बरोबर होते. मला त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, पण दार उघडंच होतं.

"सिस्टर, मी तिच्या विरुद्ध नाही," फादर म्हणाले. "ठेकेदाराबद्दल मी लेबर ऑफिसात बोलेन. पण ती लग्नाशिवाय राहते. मुलींच्या वसतिगृहात मी तिचा दाखला कसा देऊ? तिनं आधी चर्चमध्ये लग्न करावं. मी फुकट लावतो."

"लाडक्या ख्रिस्ती नाही. आणि तिला तिच्या आत्याकडून लग्न लावून घ्यायचंय."

"मग माझा नाइलाज आहे."

सिस्टर म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्या ठेकेदाराला तुम्ही दाखला दिलात. चर्चच्या सणाला मंडप देतो म्हणून ओळख होती. त्याला विचारलं होतं का, तो कोणाबरोबर राहतो?"

"ते वेगळं होतं. कामाच्या लायसनसाठी होतं."

"काय वेगळं, ते समजावून सांगा फादर. मी शिकेन. तुम्ही कामगारांबरोबर उन्हात बसलात, तेव्हा मी पाणी घेऊन आले होते. मला वाटलं आपण एकच गोष्ट मानतो. बाप्याचा पगार बुडवला तर ते पाप, आणि बाईला खोलीवर बोलावलं तर तिचं चारित्र्य. असं कसं?"

फादरांचा चेहरा मला बाकावरून दिसत होता. तो रागावलेला नव्हता, अडकलेला होता.

परतताना रस्त्यात सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, "बाई, फादरांच्या ऐवजी सरकारी शाळेच्या शिक्षिकेचा दाखला वसतिगृहाला चालतो. मी विचारून घेतलंय. तुम्ही जमनीला दर रविवारी भेटता. द्याल?"

मला आजही ती जागा आठवते. शेजारी रसवंतीचं गुऱ्हाळ होतं आणि घुंगरं वाजत होती. मला एकच दिसत होतं. दाखला देणारी ही बाई कोण, हिचा नवरा कुठल्या बोटीवर आहे, असं कोणीतरी विचारणार. हेडमास्तरांपर्यंत जाणार. मी म्हणाले, "मी तिला तशी फारशी ओळखत नाही, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. "भीती वाटत असेल तर नको. भीतीला मी पाप म्हणत नाही."

कशाची भीती, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी शिवणवर्गात कात्री बाजूला ठेवून त्यांनी एक कोरा कागद घेतला. "फादर देत नाहीत, तर आपण देऊ. जमनी कशी आहे, ते सांगा. खरं तेवढंच सांगा." बायका सांगत गेल्या आणि सिस्टर लिहीत गेल्या. मध्ये एकदा वाद झाला. सुमनचं म्हणणं, ताडीचं लिहू नये. जमनी कोपऱ्यात पोराला घेऊन बसली होती, ती म्हणाली, "लिवा. खोटा कशाला."

शेवटी कागद असा झाला: "आम्ही खाली सही-अंगठा करणाऱ्या बायका जमनीला तीन वर्षं ओळखतो. कोणी आजारी असलं तर ती तिच्या जागी मशीनवर उभी राहते. सुमनला दूध आलं नाही तेव्हा तिच्या मुलीला जमनीनं पाजलं. ठेकेदारानं बोलावलं तेव्हा ती गेली नाही आणि काम गेलं. लाडक्याबरोबर ती सात वर्षं राहते. तो तिला मारत नाही. सणाला ती ताडी पिते. तिचं चारित्र्य चांगलं आहे."

मग सह्या. ज्यांना मी नाव शिकवलं होतं त्यांना अंगठा नको होता. त्या एकेक करून माझ्याजवळ येत, मी पाटीवर नाव काढून देई, त्या दोनदा गिरवत आणि कागदावर लिहीत. सुमनचा 'म' उलटा पडला, तो मी दुरुस्त करू दिला नाही. संध्याकाळपर्यंत मी बायकांना त्यांची नावं लिहून देत होते. माझं नाव मात्र मी लिहिलं नाही, आणि मला कोणी विचारलंही नाही.

तो कागद सिस्टरांनी फादरांच्या टेबलावर ठेवला. दोन आठवडे काही झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात फादर स्वतः चाळीत आले. जिना चढून, घामाघूम. त्यांनी वेगळा दाखला लिहिला नव्हता. त्याच कागदावर, सगळ्यात खाली, अंगठ्यांच्या ओळीच्या शेवटी सही केली होती. शिक्का मारला नव्हता. सिस्टरांच्या हातात कागद देऊन म्हणाले, "ठेकेदाराला दिलेला दाखला मी परत मागितलाय. देतो की नाही बघू." चहा घेतला आणि गेले. ठेकेदारानं तो दिला नाही, आणि पुढच्या सणाला मंडपही दिला नाही.

जमनी वसतिगृहात लागली.

पण ही गोष्ट वर पोचली. सिस्टरांच्या संस्थेत पत्रं गेली. कोणी लिहिली, कळलं नाही. त्यांत होतं, सिस्टर बायकांना नको ते विचारतात, बिनलग्नाच्या नात्याला उत्तेजन देतात, मिशन सोडून चाळीत राहतात. वर्षभरात बदलीचा हुकूम आला. शिवणवर्ग मिशनच्या आवारात नेला गेला आणि तिथं फक्त शिवण शिकवायला लागले. बायका कमी झाल्या.

सिस्टर जायला निघाल्या तेव्हा मी एसटी स्टँडवर गेले होते. बस लागायला वेळ होता. मी काही ठरवून गेले नव्हते. पण त्यांची पिशवी हातात घेऊन उभी असताना मी म्हणाले, "सिस्टर, माझा नवरा बोटीवर नाही. दादरला आहे. मी त्याला सोडलंय."

"मारायचा?"

"नाही. नुसता गप्प असायचा. सहा वर्षं."

त्यांनी मान हलवली. "हे मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर रविवारी तुम्हालाही बोलायला लावलं असतं." मग बस लागली. त्या चढल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी बोटीची गोष्ट कोणाला सांगितली नाही. कोणी विचारलं तर खरं सांगितलं. हेडमास्तरांनाही कळलं. त्यांनी एकदा "हं" केलं आणि नंतर मला पाचवीचा वर्ग दिला. एवढंच झालं. ज्याला मी इतकी वर्षं घाबरत होते ते एवढंच होतं.

नव्वदच्या दशकात एकदा माहेरच्या लग्नाला जाताना मी वाट वाकडी करून वसईकडे उतरले. सिस्टर आता म्हाताऱ्या साध्वींच्या घरात होत्या. त्यांना भाजी निवडायचं काम होतं. गुडघे गेले होते, नजर कमी झाली होती. मी जमनीची खबर सांगितली. तिचं लग्न झालं, थोरला मुलगा नववीत असताना, त्याच आत्यानं लावलं. फादरांची तोवर बदली झाली नव्हती, तेही लग्नाला आले होते, आणि आत्यानं त्यांना पोरांच्या रांगेत खाली बसवलं होतं. सिस्टर पोट धरून हसल्या.

मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या कागदाबद्दल मला एक सांगायचंय. त्याच्यावर माझी सही नव्हती."

मला आधी कळेना. अख्खा कागद त्यांच्या अक्षरात होता.

"आमच्या संस्थेच्या प्रमुख, मदर सुपिरियर, त्यांची चिठ्ठी आदल्याच महिन्यात आली होती. कशावरही नाव घालायचं नाही. मी तेवीस बायकांकडून सह्या घेतल्या, ज्यांची कामं जाऊ शकली असती. आणि स्वतः अक्षर दिलं, नाव दिलं नाही. मला काय झालं असतं? फार तर बदली. ती तशीही झाली." मग म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा मी मोठ्या तोंडानं सांगितलं, भीतीला पाप म्हणत नाही. ते मी मला सांगत होते."

आम्ही दोघी मेथी निवडत बसलो. निघताना म्हणाल्या, "जमनीला हे सांगा. मीच सांगायला हवं होतं, पण आता येणं व्हायचं नाही."

सुट्टी संपवून आल्यावर मी वसतिगृहात गेले. जमनी सुपात तांदूळ पाखडत होती. तिच्या केसांत पांढरे आले होते. तिच्या हाताखाली आता दोन मुली होत्या, त्यांना तिनं पाणी आणायला पाठवलं. मी जे ऐकलं होतं ते सगळं तिला सांगितलं. ती पाखडत राहिली.

"मना ठावा हाय," ती म्हणाली. "मी सातवी झालेली. वाचलाय ना कागद, तेव्हाच. शिस्टरचा नाव नाय. तुमचापण नाय."

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"जेवून जा," म्हणाली. "आज सुकट हाय."